प्रार्थनेत कळलेला आजार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजारातून उठलेल्या माणसाने उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रभूने मला उठवलं, मंडळीने प्रार्थना केल्या, सर्वांचे उपकार मानते, एवढं बोलून खाली बसायचं. पाळकसाहेबांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं. मी बरी झाले हे खरं आहे. उपकार मानते हेही खरं आहे. पण त्याच प्रार्थनांनी माझं काही मोडलं, आणि ते गाळून दिलेली साक्ष अर्धी होईल. म्हणून हे लिहिते. ज्यांच्या घरी क्षयाचा रोगी आहे आणि ज्यांनी त्याला ते अजून सांगितलेलं नाही, त्यांनी हे वाचावं.

आमचं घर

मी शिरूरची. वडील मिशनच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. मी अकरा वर्षांची असताना ते दम्याने वारले, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आईला अक्षरओळख होती ती बायबलपुरती. मला मात्र मिशनच्या बाईंनी नगरला वसतिगृहात ठेवलं आणि पुढे कॉलेजात पाठवलं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ते ऋण मी विसरलेली नाही आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ते कमीही होत नाही.

लग्न होऊन दौंडला आले. यजमान, मनोहर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. मी तिथल्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवू लागले. सासरी रविवारी देवळात जाण्यापलीकडे काही नव्हतं. घरची प्रार्थना मी माहेराहून आणली. दिवेलागणीला चटई टाकायची, एक गायन म्हणायचं, बायबलातला एक भाग आळीपाळीने वाचायचा, मग प्रत्येकाने मोठ्याने, आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. सुरुवात सर्वांत लहानाने. आमची रूथ बोलायला लागल्यापासून सुरुवात तीच करायची. इतरांनी शेवटी आमेन म्हटलं की ती प्रार्थना सगळ्यांची झाली.

आईचा एक कडक नियम होता, तोही मी आणला. देवापुढे गुळमुळीत बोलायचं नाही. लहानपणी मी नुसतं "आजाऱ्यांना बरं कर" म्हटलं की आई डोळे मिटूनच मला ढोसायची. "कंचा आजारी? काय झालंय त्याला? नाव घेऊन सांग. देवाला काय कोडं घालतीस व्हय?"

हा नियम लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं.

डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत

खोकला पावसाळ्यात सुरू झाला आणि दिवाळी झाली तरी गेला नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वर्गात फळ्यावर लिहिताना दम लागायचा. मी तो खडूच्या धुळीवर ढकलला. शेवटी यजमानांनी मला पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढवला.

फोटो बघून डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी लिंबू हुंगत बसली होती. दार बंद होतं. आता आठवलं की वाटतं, ज्या छातीचा फोटो होता ती छाती दाराबाहेर, आणि तिची हकीकत आत. पण तेव्हा ती रीतच होती आणि मलाही त्यात गैर वाटलं नाही.

यजमान बाहेर आले ते खिशात काहीतरी शोधत. म्हणाले, "प्लुरसी आहे. फुफ्फुसाच्या पदराला सूज. इंजेक्शनं घ्यायची, विश्रांती घ्यायची. काही काळजी नाही."

"मग एवढा वेळ काय बोलत होता?"

"खर्चाचं," ते म्हणाले.

मी विश्वास ठेवला. आमच्या घरात खोटं बोलण्याची पद्धत नव्हती.

अंथरुणावर

शाळेतून रजा मिळाली. रेल्वेच्या दवाखान्यातले कंपाउंडर रोज येऊन इंजेक्शन देत. माझं ताट, पेला, वाटी वेगळी झाली. "पथ्याचं वेगळं शिजतंय, मिसळायला नको," असं आईने सांगितलं. ती मदतीला शिरूरहून आली होती. काही आठवड्यांनी ती परत निघाली तेव्हा रूथलाही बरोबर नेलं. "तुला इसावा लागंल. पोरगी अंगावर पडती, खेळती. राहू दे माज्याकडं," म्हणाली. एस.टी.च्या खिडकीतून रूथ हात हलवत राहिली. मला वाटलं, महिन्याभराची गोष्ट आहे.

त्या काळात एका रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे एकच प्याला असतो आणि तो रांगेने हातोहात फिरतो. मी नेहमी पुढे बसायची. त्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "तुम्हाला वारं लागेल, एस्तेरबाई, मागे भिंतीकडे बसा." मी बसले. प्याला माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आला. मी प्यायले आणि पाळकसाहेबांनी तो परत घेऊन पांढऱ्या फडक्याने झाकला. मला त्या बाईंची काळजी पाहून भरून आलं होतं.

याकोबमामा

याकोबमामा शिरूरच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचांपैकी एक. नात्याने मामा नव्हेत, पण आमच्या वस्तीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मला रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलेलं. नाताळानंतर ते आईबरोबर मला भेटायला दौंडला आले. पंच्यात बांधून बोरं आणली होती. दुपारची वेळ होती, यजमान जेवायला घरी आले होते.

मामा बराच वेळ शिरूरच्या गप्पा सांगत होते. देवळाची घंटा कशी फुटली, नवीन पाळक किती लांब उपदेश करतो. "मागल्या रैवारी तर माजी म्हैस येऊन दारात उभी राहिली, म्हणली आता सोडा म्हाताऱ्याला, धार काढायची हाय." मी हसले आणि खोकला आला. मामा गंभीर झाले.

"चला, प्रार्थना करू," म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. मामांनी आधी देवाचे उपकार मानले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचा आवाज वर चढला.

"प्रभू, ही आमची यस्तर. माज्या हाताखाली शिकली. हिला क्षय झालाय, बापा. दोन्ही बाजूला हाय. तिला म्हाईत न्हाई, पर तुला म्हाईत हाय. तिच्या बापाला जो झाला त्योच हिला झालाय. बापाला तू न्हेलंस, आमी काय बोललो न्हाई. पर हिला न्हिऊ नको. आमची सगळी मंडळी दर बुधवारी तुज्यापुढं हेच मागतीय..."

"मामा, आमेन म्हणा," आई म्हणाली.

"थांब, झालं न्हाई अजून."

"मामा, आमेन म्हणा की."

मी डोळे उघडले होते. मामांचे मिटलेलेच होते. यजमान माझ्याकडे बघत होते. मामांनी काय केलं ते त्यांचं त्यांना कळायला दोन क्षण लागले, आणि मग त्यांचा हात माझ्या डोक्यावरून अलगद उचलला गेला, जसा तापल्या तव्यावरून उचलतात तसा.

कोणीच आमेन म्हटलं नाही.

मामांचा मला कधीही राग आला नाही. माणसाशी खोटं बोलायचं त्यांनी इतरांसारखं कबूल केलं होतं आणि ते पाळलंही. पण डोळे मिटल्यावर समोर देव होता, आणि देवाशी कसं बोलायचं ते त्यांना एकाच रीतीने येत होतं. तीच रीत त्यांनी मलाही शिकवली होती.

"कळल्यावर मानूस खचतं"

मी आईला विचारलं, "बाबांना दमा नव्हता?"

ती चुलीपाशी जाऊन बसली होती. "न्हाई."

"आम्हाला दमा का सांगितलंस?"

"वस्तीत राहायचं हुतं. तुला वसतिगृहात घ्यायचं हुतं. कोन घेतलं असतं?"

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

आई चुलीत फुंकर घालत राहिली. चूल पेटलेली होती, फुंकायची गरज नव्हती. मग म्हणाली, "तुज्या बापाला डाक्टरनं तोंडावर सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी रंधा हातात घेतला न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडले ते पडले. कळल्यावर मानूस खचतं, यस्तर. न कळतं तर जगतं. म्या मनोहररावांना म्हणलं, हिला सांगू नगा. माज्या गळ्याची शपथ घातली."

"बुधवारच्या बायकांच्या सभेत सांगितलंस?"

"ती तर प्रार्थना हुती."

"सगळ्यांना सांगितलंस, आई."

"देवाला सांगितलं. त्या बायका बसल्या हुत्या तिथं."

यजमान दारात उभे होते. ते म्हणाले, "एस्तेर, तुझ्या भल्यासाठीच." मी त्यांना विचारलं, प्रभुभोजनाच्या दिवशी मागे बसायला सांगणाऱ्या बाईंना कोणी सांगितलं होतं? शेवटी त्यांनी कबूल केलं. दौंडच्या पाळकसाहेबांना त्यांनीच सांगितलं होतं. शाळेच्या हेडमास्तरांनाही त्यांनीच. शिरूर आणि दौंड, दोन गावांच्या ख्रिस्ती वस्तीत माझा आजार ठाऊक नसलेली मी एकटी होते.

मला मरणाची भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. भिंतीकडे बसून भरून आलेल्या त्या बाईची, म्हणजे माझीच.

त्या संध्याकाळी चटई टाकली गेली. मी आतल्या खोलीत पडून राहिले. यजमान येऊन म्हणाले, "निदान नुसती बस." मी म्हटलं, "तुम्ही देवाला माझ्याबद्दल काय सांगता ते मला ऐकायचं नाही. आणि मला काय सांगायचंय ते तुम्हाला ऐकवणार नाही."

रुग्णालयात

घरची इंजेक्शनं पुरेशी पडेनात म्हणून मिशनच्या क्षयरुग्णालयात गेले. ते दूर होतं, आगगाडीने दिवस जायचा. तिथे मी वर्षाहून जास्त राहिले. जे तिथे जाणार आहेत त्यांना सांगते, घाबरू नका. पहाटे उठवतात, तापमान घेतात, झाकणाची थुंकदाणी बदलतात, दूध आणि अंडं देतात. पावडरची औषधं कडू असतात आणि पोटात ढवळतं, पण सवय होते. दुपारी सक्तीची विश्रांती, तेव्हा वाचायचंही नाही, बोलायचंही नाही. सोमवारी वजन करतात. सगळा वॉर्ड सोमवारची वाट बघतो आणि सोमवारी भितोही.

पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझा फोटो उजेडाला धरून मला दाखवला. इथे आहे, इथेही आहे, एवढं भरून यायला हवं, असं बोट ठेवून सांगितलं. मी रडले. त्यांना वाटलं भीतीने. मी म्हटलं, "नाही डॉक्टर, तुम्ही मला सांगितलंत म्हणून." माझा आजार मला सांगणारे ते पहिले. त्या माणसाचे उपकार मी रोज मानते.

आईचं म्हणणं होतं कळल्यावर माणूस खचतं. मी खचले नाही. मला माझं काम कळलं. खायचं, पडून राहायचं, औषध चुकवायचं नाही. जी बाई इतिहास शिकवते तिला शत्रू कुठे बसलाय ते कळलं तर बरंच असतं.

पण प्रार्थना होईना. बायबल कपाटावर होतं, त्याच्यावर मी पाण्याचा तांब्या ठेवायची. शेजारच्या खाटेवर पाटसच्या हमीदाबी होत्या. माझ्यापेक्षा मोठ्या, तोंडाळ आणि मायाळू. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचं पुस्तक हाय, तुमी मास्तरीण हाय, आन् नुसतं छताकडं बघत पडता. रागावला का देवावर?"

"देवावर नाही. घरच्यांवर."

"मग देवाला कशापायी उपाशी ठेवलाय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना माझी दया येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला पैल्या दिवशी खरं सांगितलं. आन् त्याच दिवशी माहेरी धाडलं. मोटारीत बसवायलासुदिक कुणी आलं न्हाई. खरं बोलणारा चांगलाच असतो असं न्हाई, बाई."

"म्हणजे माझ्या लोकांनी बरं केलं?"

"तसं कुठं म्हणले मी? तुमच्या लोकांनी वाईटच केलं. पर ते येत्यात ना भेटायला?"

यजमान येत होते. रजा मिळेल तेव्हा, पाससाठी वरच्यांची बोलणी खाऊन, दिवसभर गाडीत बसून यायचे. एक-दोन तास बसायचे. रूथ कशी आहे, किती बोलते, कोणाच्या शेळीच्या पाठीवर बसली, ते सांगायचे. निघताना दर वेळी विचारायचे, "प्रार्थना करू या?" मी दर वेळी मान हलवून नाही म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, "किती दिवस चालणार हे?" मी म्हटलं, "तुमचं किती दिवस चाललं असतं?" ते पिशवी उचलून निघाले. त्यांच्या पाठीकडे बघून मला वाईट वाटलं, पण बोलावलं नाही.

तिथल्या रिकाम्या दुपारी मला एक गोष्ट समजली. आमच्या घरात विश्वास कमी नव्हता. उलट देवाशी सगळं बोलून झाल्यावर माणसाशी बोलायचं राहिलं आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नव्हतं. बापाच्या दुखण्याबद्दल आई रोज देवाशी बोलली असेल. माझ्याशी एकदाही नाही. प्रार्थनेत सांगितलं की सांगून झालं, असं आम्ही मानत आलो.

परत

थुंकी सलग काही महिने निर्दोष आली. फोटोत जागा भरून आल्या. हमीदाबी माझ्याआधी घरी गेल्या, माहेरीच. मी निघाले तेव्हा यजमान न्यायला आले. परतीच्या गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. केडगाव मागे टाकलं तेव्हा ते म्हणाले, "आई रूथला घेऊन आली आहे. संध्याकाळी चटई टाकायची का, ते तू ठरव."

रूथ दारात आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. मी हात पुढे केले तर तिने वर आजीकडे बघितलं. आई म्हणाली, "जा, आता जायाचं. बरी झाली ती." तेव्हा ती आली, पण श्वास रोखून. कोणीतरी तिला तसं शिकवलं असावं. मीही तिला लगेच सोडून दिलं.

दिवेलागणीला मी स्वतःच चटई टाकली. क्षमा झाली म्हणून नाही. रूथसाठी टाकली. माझ्या गैरहजेरीत ती काय शिकली ते मला बघायचं होतं, आणि ती आईबाप वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या घरात वाढू नये असं वाटत होतं.

गायन झालं. वाचन झालं. सुरुवात तिची. तिने हात जोडले आणि भराभर म्हटलं, "प्रभू येशू, आजीला, पप्पांना सांभाळ. आईचा क्षय बरा कर. आमेन." त्या शब्दाशी ती अडखळलीसुद्धा नाही. महिनोन्महिने रोज म्हटलेला शब्द होता. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला तो तोंडपाठ होता.

आईने पटकन डोळे उघडले. "अगं, आता तसं न्हाई म्हणायचं," ती पुटपुटली.

मी म्हटलं, "राहू दे, आई. आता माझी पाळी."

मी डोळे मिटले आणि माझ्या आईने शिकवलं होतं तसं, नाव घेऊन बोलले. "प्रभू, तू मला घरी आणलंस, उपकार मानते. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, हमीदाबींचे मानते. प्रभू, माझ्या आईने आणि माझ्या नवऱ्याने मला फसवलं. तुला सांगितलं, मंडळीला सांगितलं, माझ्या मुलीला सांगितलं, आणि मला सांगितलं नाही. माझे वडील कशाने गेले तेही आईने लपवलं. मला दोघांचा राग आहे. तो गेलेला नाही. गेला असं मी तुझ्यापुढे म्हणणार नाही. इथून पुढे या घरात कोणाबद्दल तुला काही सांगायचं असेल तर आधी त्याला सांगितलं जावं, एवढं मागते. येशूच्या नावाने."

बाहेर यार्डात इंजिन शंटिंग करत होतं. मी आमेनची वाट बघत नव्हते. त्या प्रार्थनेला कोण आमेन म्हणणार?

"आमेन," आई म्हणाली. आवाज बसलेला होता, पण स्पष्ट म्हणाली. ती म्हणाली म्हणून रूथही म्हणाली. मग आई जावयाकडे न बघता म्हणाली, "मनोहरराव, म्हणा तुमी बी. खरं बोलली ती."

पुढची पाळी यजमानांचीच होती. त्यांनी हात जोडले, सोडले, परत जोडले. चटईची एक काडी निघाली होती ती बोटाने आत सारू लागले.

"एस्तेर," ते म्हणाले. पहिल्यांदाच प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघून बोलत होते. "आज मला प्रार्थना करता येत नाही. काही म्हटलं तर ते खोटं होईल."

"मग उद्या करा," मी म्हटलं.